पाषाण रस्त्यावरचा मेंदूचा वर्ग



आज तुम्हांला पुण्यातल्या एका जागी घेऊन जाणार आहे. शनिवारवाडा नाही, सारसबाग नाही, आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालयही नाही. पण त्याआधी माझी एक चूक सांगते. कारण त्या चुकीनंच मला तिथे नेलं.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. सायकलची उतरलेली चेन तो बघता बघता बसवतो. गोष्ट सांगायला लागला की सगळा वर्ग कान टवकारून ऐकतो. पण पुस्तक हातात दिलं की गप्प! ‘भ’ला ‘म’ म्हणतो, ‘घ’ आणि ‘ध’ यांत अडखळतो. एक दिवस मी चिडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझ्या डोक्यात काही शिरतच नाही का रे?” वर्ग हसला. तो मात्र हसला नाही.

त्या रात्री मला झोप येईना. डोक्यात शिरणं म्हणजे नक्की काय? इतकी वर्षं मी शिकवते आहे, पण शिकताना डोक्यात काय होतं हे मला कुठे ठाऊक होतं? मग आठवण झाली माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची. ती आता मेंदूविज्ञान शिकते, आणि तेही इथेच, पुण्यात!

रविवारी मनपाहून पाषाणची बस धरली. विद्यापीठ चौक ओलांडला की डाव्या हाताला पाषाणकडे जाणारा रस्ता लागतो. डॉ. होमी भाभा यांचं नाव दिलेला हा रस्ता. वाटेत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते, म्हणजे आपली एनसीएल. ती १९५० साली सुरू झाली. तिच्या शेजारीच आहे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. नाव केवढं लांबलचक! म्हणून सगळे तिला ‘आयसर’ म्हणतात. ही संस्था २००६ साली सुरू झाली.

माझी विद्यार्थिनी फाटकापाशी वाट बघत उभी होती. “बाई, चला!” म्हणून तिनं माझा हातच धरला. चौथीत मी तिचा धरायचे ना, तसाच.

“अगं, मेंदूचं शिकायचं म्हणजे डॉक्टर व्हायचं, असंच मला वाटायचं,” मी म्हणाले.

“माझ्या आईबाबांनाही तसंच वाटायचं,” ती हसली. मग तिनं सगळं समजावून सांगितलं. बारावी विज्ञान शाखेतून केल्यावर प्रवेशपरीक्षा द्यायची. अभ्यासक्रम पाच वर्षांचा. सुरुवातीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र असं सगळंच शिकायचं. मेंदूचे विषय पुढे निवडायचे आणि शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेत स्वतः संशोधन करायचं.

“पण मेंदूसाठी गणित कशाला गं?”

“बाई, मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. पेशीमधून निरोप जातो तो विजेच्या रूपानं, म्हणजे भौतिकशास्त्र आलं. एका पेशीकडून दुसरीकडे तो बहुतेक वेळा रसायनं पोचवतात, म्हणजे रसायनशास्त्र आलं. आणि एवढ्या पेशींचा हिशोब ठेवायचा तर गणित नको?”

बघा मुलांनो, मेंदूचं वजन शरीराच्या साधारण पन्नासावा भाग. पण खाल्लेल्या अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटाच वापरतो!

आम्ही झाडाखालच्या कट्ट्यावर बसलो. ती एका पक्ष्याबद्दल सांगू लागली. झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियातला चिमणीहून लहान पक्षी. आयसरमधले डॉ. राघव राजन त्याच्या गाण्याचा अभ्यास करतात. या पक्ष्यांत गातो तो फक्त नर, आणि हे गाणं त्याला जन्मतः येत नाही. पिल्लू आधी बाबांचं गाणं ऐकतं. मग स्वतः काहीतरी वेडंवाकडं पुटपुटतं, चुकतं, पुन्हा म्हणतं. असं करत करत साधारण तीन महिन्यांत त्याचं गाणं पक्कं होतं. हे होताना त्याच्या मेंदूतल्या पेशींचे जोड बदलत जातात. आपण पाढे शिकतो, पोहायला शिकतो, तेव्हा आपल्याही मेंदूत असेच जोड बदलतात.

मग मी धीर करून त्या मुलाची गोष्ट सांगितली. तीही क्षणभर गप्प झाली.

“बाई, मी अजून शिकते आहे. तपासून सांगणं हे तज्ज्ञांचं काम. त्याच्या आईबाबांना तज्ज्ञांकडे जायला नक्की सांगा. पण एक सांगते. माणूस बोलतोय फार फार पूर्वीपासून. लिपी मात्र पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. वाचनासाठी मेंदूत तयार कप्पा नसतोच. बघण्याचे आणि बोलण्याचे भाग एकमेकांना जोडून प्रत्येक मूल ती वाट नव्यानं तयार करतं. काहींना ती वाट फार अवघड जाते. त्याचा हुशारीशी संबंध नसतो.”

निघताना तिनं सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. हा लहानपणी भारी खोडकर, सदा चित्रं काढत बसणारा. वडिलांनी वैतागून त्याला न्हाव्याकडे आणि चांभाराकडे कामाला ठेवलं होतं! पुढे त्यानंच सूक्ष्मदर्शकातून बघून चेतापेशींची सुंदर चित्रं काढली आणि १९०६ साली कामिल्लो गोल्जी यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. मेंदूविज्ञान शिकणारी मुलं त्याची चित्रं आजही अभ्यासतात.

पालकहो, एक गोष्ट तुमच्यासाठी. मेंदूविज्ञानाकडे जायची ही एकच वाट नाही. वैद्यकीय शिक्षणातून, मानसशास्त्रातून, प्राणिशास्त्रातून, संगणकशास्त्रातूनही तिथे जाता येतं. पण वाट लांबची आहे. संशोधन करायचं तर पदवीनंतरही पुष्कळ वर्षं शिकावं लागतं. तेव्हा फक्त गुण बघून मुलांना तिकडे ढकलू नका, आणि फक्त गुण बघून अडवूही नका. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमारास पुण्यातल्या अनेक विज्ञानसंस्था मुलांसाठी दारं उघडतात. मुलांना तिथे जरूर घेऊन जा.

सोमवारी वर्गात मी आधी त्या मुलाची माफी मागितली. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच. त्याच्या आईलाही बोलावून घेतलं. आता प्रश्न मी त्याला वाचून दाखवते आणि उत्तरं तो तोंडी देतो. वाचन एकदम सुधारलेलं नाही. वेळ लागेल.

मग मी वर्गाला त्या गाणाऱ्या पिल्लाची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली आणि पहिला हात वर झाला तो त्याचाच.

“बाई, मग कोंबडा आरवायला कुणाकडून शिकतो?”

मला उत्तर येईना! संध्याकाळी आयसरला फोन लावला. ती खळखळून हसली. “कुणाकडूनच नाही, बाई! त्याला ते उपजतच येतं. एकाला शिकावं लागतं आणि दुसऱ्याला नाही, असं का? हेच तर आम्ही इथे शिकतो. आणि हे विचारलं कुणी?”

मी त्याचं नाव सांगितलं, आणि सांगताना मला फार बरं वाटलं.

तुमच्या बाई