तेराचा पाढा आणि पावसाची बाटली

बालमित्रांनो, ‘शाळेत न जाणारी मुलं’ असं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? दिवसभर हुंदडणारी, अभ्यासाची कटकट नसलेली, मजेत असलेली मुलं! खरं ना? मी पडले प्राथमिक शिक्षिका. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच चित्र यायचं. पाटी कोरी राहिलेली मुलं. आणि दुर्दैव असं, की ही मुलं माझ्या सख्ख्या ताईचीच होती.

ताई आणि दाजी पुण्यातली नोकरी सोडून भोर तालुक्यातल्या त्यांच्या गावी राहायला गेले. घरची भातशेती करायची आणि मुलांना घरीच शिकवायचं, असं दोघांनी ठरवलं. थोरली भाची तेव्हा सहा वर्षांची होती, धाकटा भाचा चारचा. आमचे नाना म्हणजे जुन्या काळचे मुख्याध्यापक. ते इतके रागावले की त्यांनी ताईशी बोलणंच टाकलं. चार वर्षं दिवाळीला ताई आली की नाना मुलांना जवळ घ्यायचे, पण ताईशी एक अक्षर बोलायचे नाहीत. आई बिचारी मधल्या मधे डोळे पुसायची.

२०२३ सालच्या मे महिन्यात नाना मला म्हणाले, “तू डी.एड. झालेली आहेस. जाऊन राहा आठ दिवस. मुलांची नीट परीक्षा घे आणि खरं काय ते मला सांग.”

मी पिशवीत आंबे भरले आणि आंब्यांच्या खाली तिसरीची प्रश्नपत्रिका ठेवली.

ताईच्या अंगणात पाऊल टाकलं तर वाळवणाचा थाट मांडलेला. खाटेवर धोतर पसरून त्यावर कुरडया घातल्या होत्या. भाची हातात काठी घेऊन कावळे हाकत होती आणि एका वहीत काहीतरी लिहीत होती. मी डोकावून पाहिलं. कुरडई ओली असताना तिचं वजन किती, दुसऱ्या दिवशी किती, तिसऱ्या दिवशी किती, असा तक्ता होता. “मावशी, पाणी किती उडून गेलं ते कळतं यावरून,” ती म्हणाली. मी “छान” म्हटलं, पण मनात म्हटलं, हे सगळं ठीक आहे, पाढ्यांचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला समोर बसवलं. वय वर्षं आठ. “म्हण बरं तेराचा पाढा.”

तो तेरा, सव्वीस, एकोणचाळीसपर्यंत आला आणि अडकला. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथंच गाडी थांबली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अरेरे! माझ्या वर्गातली तुझ्याएवढी पोरं घडाघडा म्हणतात रे!”

तो काही बोलला नाही. उठला आणि शिडी चढून माळ्यावर जाऊन बसला. दुपारी आमरस होता, तरी खाली आला नाही. ताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागावली असती तर परवडलं असतं.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र दुपारी बाराच्या सुमाराला स्वतःच धावत आला. “मावशी, चल लवकर! सावली पळून जाणार आहे!”

अंगणात एक काठी रोवलेली होती. ती अगदी सरळ उभी राहावी म्हणून दाजींचा गवंडीकामाचा ओळंबा लावून तपासलेली. गेले पंधरा दिवस दोघं भावंडं दुपारी त्या काठीची सावली मोजत होती. सावली रोज थोडी थोडी आखूड होत होती. त्या दिवशी आम्ही सगळे काठीभोवती कोंडाळं करून बसलो. बारा वाजले तरी सावली होतीच. मी म्हटलं, “कुठं गेली सावली?”

भाचा म्हणाला, “अगं, आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाप्रमाणे लावलेली आहेत. आपण त्याच्या पश्चिमेला राहतो. आपल्याकडे सूर्य अर्धा तास उशिरा डोक्यावर येतो.”

आणि साडेबाराच्या आसपास खरोखरच काठीची सावली काठीच्याच पायात नाहीशी झाली! माझी सावली माझ्या पायांखाली. आपला महाराष्ट्र विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्यामध्ये येतो, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो, हे मी वर्गात कितीदा तरी शिकवलं होतं. पण मित्रांनो, खरं सांगते, पाहिलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. दुसऱ्यांदा हा योग जुलैअखेर येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं.

त्या रात्री मला झोप लागेना. डी.एड.ला असताना आम्हांला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी होतं. डहाणूकडच्या आदिवासी भागातली मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. मी परीक्षेत यावर झकास उत्तर लिहिलं होतं, चांगले गुणही मिळवले होते. मग त्याचं पुढं काय झालं? माझ्या वर्गाची खिडकीसुद्धा मी मुलांचं लक्ष जातं म्हणून लावून घेत होते.

प्रश्नपत्रिका पिशवीतून बाहेर आलीच नाही.

जुलैत एका रविवारी पुन्हा गेले. भातलावणी चालू होती. घोंगडी, इरली, गुडघाभर चिखल आणि पोरांचा नुसता कल्ला! भाच्याकडे आता नवीन खेळ होता, पावसाची बाटली. एक सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवलेला. बाटलीचा तळ खालीवर असतो, म्हणून आत खडे टाकून त्यांच्या वरपर्यंत पाणी घातलेलं, आणि तिथून शून्य धरून बाहेर मोजपट्टी चिकटवलेली. वेधशाळेत रोज सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतात, म्हणून हासुद्धा बरोबर साडेआठला इरलं घेऊन बाहेर पडायचा.

“काल २१ मिलिमीटर,” त्यानं जाहीर केलं. “म्हणजे आपल्या छपरावर १२६० लिटर पाणी पडलं.”

“ते कसं रे?”

“एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आपल्या छपराखालची जमीन मी टेपनं मोजली, १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद. साठ चौरस मीटर. वीस गुणिले साठ बाराशे, आणि वरचे साठ.”

मी त्याला जवळ ओढलं. म्हटलं, “बाळा, त्या दिवशी मी बोलले ते चुकलंच माझं.”

तो जरा लाजला. मग म्हणाला, “मावशी, तेराचा पण येतो आता. दहाचा आणि तीनचा एकत्र केला की होतो. तेरा साते किती? सत्तर आणि एकवीस, एक्क्याण्णव!”

पण गोष्ट इथं संपत नाही. निघताना भाचीनं हळूच विचारलं, “मावशी, तुझ्या वर्गात किती मुलं?”

“बत्तीस.”

“बत्तीस!” तिचे डोळे मोठे झाले. “म्हणजे खो-खोचे दोन संघ होऊन उरतील! आम्ही दोघंच किती खेळणार गं?”

ताई ते ऐकत होती. तिचा चेहरा जरा उतरला. घरात जे नव्हतं ते नेमकं हेच होतं.

आमच्या मुख्याध्यापकांची परवानगी काढून मी भाचीला एक दिवस माझ्या वर्गात आणलं. सकाळी तिची फजितीच झाली. न विचारता उठून पाणी प्यायला गेली, तेव्हा वर्ग हसला. शुद्धलेखन घातलं तर ती दोन ओळी मागं पडली. तिचे डोळे भरून आलेले मला दिसले. मग मी म्हटलं, “आता ही तुम्हांला पावसाची बाटली करून दाखवील.” पुढचा तास ती बाई आणि मी विद्यार्थिनी! आणि दुपारी मैदानात ती अशी काही पळाली की सगळा वर्ग तिच्या नावानं ओरडत होता. संध्याकाळी एसटीत मला म्हणाली, “मला घंटा फार आवडली.”

हे सगळं मी नानांना जसंच्या तसं सांगितलं. पाढ्यांचं, सावलीचं, मागं पडलेल्या शुद्धलेखनाचं आणि खो-खोचंही. नाना बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, “पोरगी एकटी पडते म्हणायची.” बस्स, एवढंच.

त्या दिवाळीत मात्र नाना न बोलावता ताईकडे गेले. मुलं अंगणात राजगड करत होती. नाना काठी टेकून बघत राहिले आणि मग त्यांना राहवेना. “अगं, संजीवनी माची कुठाय? पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तीन माच्या हव्यात!” म्हणत ते धोतर खोचून चिखलात बसले. उतारावर अळीव पेरता पेरता त्यांनी मान न वळवता हाक मारली, “ताई, जरा पाणी आण गं.” ताई तांब्या घेऊन आली ती रडतच.

२०२४ च्या जूनमध्ये भाची गावातल्या शाळेत दाखल झाली. ते तिनंच ठरवलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे वयाप्रमाणे सहावीत प्रवेश मिळाला. शुद्धलेखनासाठी तिला पहिली सहामाही बरीच मेहनत करावी लागली. धाकटा तेव्हा घरीच राहिला. “मी पुढच्या वर्षी बघेन,” म्हणाला.

आणि मी? माझ्या वर्गाची खिडकी आता उघडी असते. मैदानात आमचीही एक बाटली आहे. मित्रांनो, तुम्हीही करून बघा. झाडाखाली किंवा वळचणीला ठेवू नका, मोकळ्यावर ठेवा, आणि रोज मोजल्यावर शून्याच्या वरचं पाणी ओतून द्यायला विसरू नका. आणि आईबाबांनो, मोजायला तुम्हीही मुलांबरोबर जा. इरलं नसलं तर छत्री चालेल!