घसरणे : एक उजळणी

मराठी भाषेत ‘घसरणे’ या क्रियापदाच्या वाट्याला फारशी प्रतिष्ठा आलेली नाही. जीभ घसरते, रुपया घसरतो, शाळेचा निकाल घसरतो आणि वादात मुद्दे संपलेला टीकाकार शेवटी वैयक्तिक गोष्टींवर घसरतो. पाय घसरतो तो अभिधेने न्हाणीत आणि लक्षणेने चारित्र्यात. शब्दशक्तींचा पाठ घेताना हे उदाहरण आम्ही पेठ वडगावच्या वर्गांत सव्वीस वर्षे देत आलो आहोत. मुले हसत, आम्हीही हसून घेत असू. मग गंभीर होऊन असेही सांगत असू की, घसरणे ही करण्याची नव्हे, होण्याची क्रिया आहे. वाक्यात कर्ता असतो, पण कर्तृत्व नसते. ही टीप अपुरी होती, हे आम्हांला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात, भाच्याच्या जुन्या कॉन्टेसात बसून कळले.

तेथवर पोहोचण्याचे कारण मात्र हसण्यासारखे नाही. २०१९ च्या जुलैतली गोष्ट. पुढच्याच महिन्यात पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला आणि कोल्हापूरकरांच्या स्मरणात ते वर्ष पुराचे म्हणून राहिले. आमच्या घरात ते वेगळ्या कारणाने राहिले आहे. वाठारहून वडगावकडे येताना, शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर चिखल सांडला होता. वर पावसाची भुरभुर. वळणावर आमच्या छोट्या गाडीची मागची बाजू डावीकडे सरकू लागली. आम्ही ब्रेकवर उभे राहिलो आणि चाक उजवीकडे ओढले. गाडी स्वतःभोवती फिरली आणि डाव्या अंगाने बाभळीवर गेली. डावीकडे आक्का बसली होती, आमची थोरली बहीण. तिचे कोपर मोडले. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी तो हात पुरता सरळ होत नाही. तेव्हापासून तिचा अंबाडा सून घालते.

आक्काने आम्हांला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर कदाचित बरे झाले असते. वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत आणि ते पाण्याला तोंड लावीत नसत, ही आख्यायिका येथले प्रत्येक पोर ऐकत मोठे होते. आमची गत त्या घोड्यांसारखी झाली. ओल्या रस्त्यात आम्हांला ती बाभळ दिसे. पावसाळ्यात आम्ही गाडीला हात लावीनासे झालो, आणि हळूहळू उन्हाळ्यातही.

आमचा भाचा, आक्काचाच धाकटा, गाड्यांच्या नादातला. कोल्हापूरकडे हा नाद नवा नाही. मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१७ आणि २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेत उतरला होता. भाच्याची मजल तेवढी नाही. त्याचे गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजात त्याने एक कॉन्टेसा वर्षभर खपून उभी केली आहे. गेल्या फाल्गुनात एके संध्याकाळी तो म्हणाला, “मामा, तुम्हाला ड्रिफ्टिंग शिकवतो. एकदा मुद्दाम घसरून बघा, भ्या जाईल.” आम्ही आक्काकडे पाहिले. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “शिकीव त्याला. पण मी बी येणार बघायला.”

ड्रिफ्टिंग म्हणजे काय, हे आमच्यासारख्या अनभिज्ञांसाठी थोडक्यात सांगायला हवे. वळण घेताना गाडीच्या मागच्या चाकांची जमिनीवरची पकड मुद्दाम सोडवायची आणि गाडी तिरपी सरकत असतानाच तिला हव्या त्या वाटेने न्यायचे. त्यासाठी इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणारी गाडी लागते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढच्या चाकांना मिळते, म्हणून २००२ साली उत्पादन थांबलेली कॉन्टेसा येथे उपयोगी पडते. शिकाऊ माणसासाठी जमीन ओली करतात; घर्षण कमी झाले की टायर कमी वेगातच सुटतात, आणि चूक झाली तरी ती सावकाश होते. भट्टीमालकाच्या परवानगीने भाच्याने मुरुमाच्या आवारावर टँकरने पाणी मारले आणि मधोमध एक जुना टायर टाकला. त्याभोवती उजव्या हाताने वर्तुळे काढायची होती. सार्वजनिक रस्त्यावर असले काही करणे हा गुन्हा आहे, हे त्याने आम्हांला, म्हणजे जन्मभर मुलांना नियम शिकवणाऱ्याला, दोनदा बजावले. मग हेल्मेट चढवले आणि पट्टा आवळला.

ही कला जपानची. तिच्या उगमाशी ज्यांचे नाव घेतात ते कुनिमित्सु ताकाहाशी मूळचे मोटारसायकलस्वार. १९६१ साली ग्रां प्री जिंकणारे ते पहिले जपानी स्वार ठरले; पुढच्याच वर्षी आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते पडले आणि जबर जखमी झाले. नंतर ते मोटारींकडे वळले, आणि १९७० च्या दशकात वळणावर गाडी तिरपी घालण्याची त्यांची रीत प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरली. ती पाहून केइची त्सुचिया यांनी डोंगरातल्या घाटरस्त्यांवर तिचा सराव केला. पुढे तिच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत घड्याळ निकाल देत नाही. गाडीची वाट, तिचा कोन, तिचा वेग आणि एकूण डौल पाहून परीक्षक गुण देतात. म्हणजे न्याय काहीसा काव्यस्पर्धेसारखाच. आमच्या मनात मात्र घर केले ते ताकाहाशींच्या पडण्याने. ज्या माणसाच्या नावावर घसरण्याची कला सांगितली जाते, तो आधी खरोखरच पडलेला होता.

पहिल्या दिवशी आमच्याकडून काहीही झाले नाही. पहिला गिअर, चाक उजवीकडे, क्लच झटक्याने सोडायचा आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. मागची बाजू डावीकडे निघाली की आमचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर जाई. गाडी गचका खाऊन बंद पडे. भाचा शेजारून ओरडे, “मामा, पाय काढा की ब्रेकवरनं!” हे बारा-तेरा वेळा झाले. एकदा ब्रेक चुकवला, पण चाक भलतीकडे फिरवले आणि गाडी गर्रकन फिरून उलट तोंडाने उभी राहिली. मुरुमाचे पाणी काचेवर उडाले. क्षणभर आम्हांला बाभळ दिसली. आम्ही दार उघडून बाहेर आलो. आक्का विटांच्या ढिगावर सतरंजी टाकून बसली होती. तिने थर्मासातला चहा पुढे केला. बोलली काही नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याने गाडी सुरूच केली नाही. बंद गाडीत बसवून त्याने सांगितले, “शेपूट जिकडं निघाली, चाक तिकडंच द्यायचं. आणि बोनेटकडं बघू नका. जायचंय तिकडं बघा. हात डोळ्यामागनं येतात.” म्हणजे गाडी उजवीकडे वळते आहे, मागची बाजू डावीकडे पळते आहे, आणि आपण चाक डावीकडे फिरवायचे. विरोधाभास अलंकाराचे याहून चोख उदाहरण आम्ही वर्गात दिलेले नाही. आपल्याकडे पुढच्यास ठेच लागते आणि मागचा शहाणा होतो. येथे मागचा घसरतो आणि पुढच्याला शहाणे व्हावे लागते.

तिसऱ्या दिवशी ते घडले. मागची बाजू सुटली, नजर मधल्या टायरपलीकडे गेली आणि हातांनी चाक डावीकडे दिले. पाय ॲक्सिलरेटरवरच राहिला. फार दाबावे तर गाडी फिरते, एकदम सोडावे तर पकड परत येऊन ती सरळ होते. या दोहोंच्या मधे बोटभर जागा आहे. त्या जागेत आम्ही अर्धे वर्तुळ राहिलो. वेग ताशी तीस किलोमीटरही नसेल. दारासमोरची काच ज्या बाजूला होती, त्या बाजूला आम्ही चाललो होतो, आणि तरीही कोठे चाललो आहोत हे आम्हांला ठाऊक होते. क्रिया घसरण्याचीच होती, पण कर्ता जागेवर होता.

मग गाडी थांबली आणि एक गोष्ट स्वच्छ दिसली. त्या जुलैत आम्ही चाक उजवीकडे ओढले होते. डावीकडे द्यायला हवे होते. पायही काढायला हवा होता. ‘गाडी घसरली’ असे आम्ही इतकी वर्षे सर्वांना, पोलिसांनाही, सांगत आलो. व्याकरणदृष्ट्या ते वाक्य निर्दोष होते, आणि तीच त्याची सोय होती.

आम्ही आक्काजवळ गेलो आणि हे तिला सांगितले. चाक कसे चुकले, पाय कोठे होता, सगळे. माफी मागण्याचा शब्द तोंडातून फुटेना, म्हणून नुसते तपशील सांगत राहिलो. तिने ऐकून घेतले. मग वाकडा हात मांडीवर ठेवून म्हणाली, “तवा तुला हे कुठं ठावं होतं?” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “पण सांगितलंस ते बरं केलंस.”

येथे भय गेले असे लिहिण्याचा मोह होतो. ते गेलेले नाही. कोरड्या मुरुमावर पाणी मारून केलेला सराव हा आषाढातला रस्ता नव्हे, आणि घसरण सावरण्यापेक्षा वळणाआधी वेग कमी करणे केव्हाही शहाणपणाचे, हे भाच्याचे शेवटचे वाक्य आम्ही वहीत उतरवून ठेवले आहे. असो.

परतताना भाच्याने किल्ली आमच्या हातात दिली आणि स्वतः मागे बसला. आक्का पुढे, डावीकडे बसली. आवारातून रस्त्यावर येताना आमच्याच चाकांचा चिखल डांबरावर सांडला. तो पाहून आम्ही गाडी थांबवली. भाचा उतरला आणि त्याने फावड्याने तो बाजूला ओढला. आक्काने चांगल्या हाताने पट्टा ओढून घेतला आणि म्हणाली, “चल आता. दमानं.”