एक तार चढवली की पाच उतरतात

फ्लॉइड रोज या अमेरिकन गिटारवाल्याच्या ब्रिजचं पेटंट १९७९ चं. तेव्हापासून लोक तो ट्यून करताना त्याला शिव्या घालत आलेत :)

गंमत अशी की हा ब्रिज लाकडावर घट्ट बसवलेला नसतो. दोन खुंटांवर टेकून तरंगत असतो. एकीकडून सहा तारा ओढतात, दुसरीकडून पोटातल्या स्प्रिंगा. नेहमीच्या १०-४६ च्या सेटची ओढ साधारण ४५ किलो! त्यामुळे जाडी ई तार पिळून ८२.४ हर्ट्झवर आणली, की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या चढवा, पहिली उतरते. एक बग सोडवला की पाच नवे... आम्हाला काय, रोजचंच.

माझा एक मित्र याच वैतागात गिटार विकायला निघालाय. अरे, पण गिटार चांगलीये!

नटवरची लॉकं ॲलन कीने सैल कर. फाइन ट्यूनर मध्यावर आण. मग खुंट्या पिळत फेऱ्या मार, आणि प्रत्येक तार जराशी वरच ठेव, कारण पुढची चढवली की ती उतरणारच. चार-पाच फेऱ्यांत फरक मिटत जातो. तरी ब्रिज पुढे झुकलेलाच असेल, तर मागचं झाकण काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू थोडे आवळ आणि पुन्हा फेऱ्या. ब्रिज सपाट आणि सूर बरोबर, दोन्ही जमल्यावरच लॉक. लॉक करताना सूर किंचित हलतो, फाइन ट्यूनर आहेत ते त्यासाठीच.

हां, दर दुसऱ्या गाण्याला ड्रॉप डी लागत असेल, तर मात्र खुशाल विक.