चित्र अडते, आवाज चालतो

दुकानातून तयार आणलेला संगणक बिघडला, तर तक्रार करायला दुसरा कोणीतरी असतो. सुटे भाग आणून घरीच जुळवलेल्या संगणकाची गोष्ट वेगळी. त्यात जुळवणाराच कारखानदार, तोच विक्रेता आणि तक्रार ऐकून घेणाराही तोच. व्यापारी घरांतील मुलांना या उद्योगाचे आकर्षण पूर्वीपासून आहे. वडील मालाच्या खरेदीसाठी मुंबईला निघाले की मुलगाही सोबत जाई आणि परतीपूर्वी लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट यांचे भाव चार दुकानांत विचारून येई. भाग स्वस्त पडतात हे एक कारण; आणि घासाघीस करून घेतलेल्या वस्तूचा आनंद निराळा असतो, हे दुसरे. हे दुसरे कारण सहसा कोणी कबूल करत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोंढ्याजवळ दुकानावरच राहणाऱ्या एका ओसवाल कुटुंबात असाच एक संगणक आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने तो जुळवला. प्रोसेसर इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, वापरलेला, पण चांगल्या स्थितीतला. रॅम आठ जीबी. नवी घेतली ती फक्त एसएसडी. वेगळे ग्राफिक कार्ड नाही. बैठकीतला फुल एचडी दूरदर्शनसंच एचडीएमआय केबलने त्याला जोडला आणि तोच त्याचा पडदा झाला. दुकानाचे हिशेब, जीएसटीची विवरणे, संध्याकाळची प्रवचने ही सारी कामे त्यावर दोन वर्षे विनातक्रार चालली.

अडचण आली ती दीक्षेच्या चित्रफितीने.

घरातल्या मोठ्या नातीने दीक्षा घेतली, तेव्हा आजी रुग्णालयात होत्या. खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. वरघोडा, वेशपरिवर्तन, आईवडिलांनी संघासमोर दिलेली आज्ञा, ‘करेमि भंते’चा पाठ, यांतले काहीही त्यांनी पाहिले नाही. ज्या नातीला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवले, तिचा उल्लेख त्या आता ‘महासतीजी’ असा करतात आणि समोर आल्या तर ‘आपण’ म्हणतात. महासतीजींचा विहार पायी. आजींना जिना उतरणेही अवघड. दीक्षेच्या चित्रीकरणाविषयी संघासंघांत मतभेद आहेत आणि ते असणे स्वाभाविक आहे. पण या घरी ते झाले होते, आणि आजींसाठी त्या दिवसापर्यंत पोहोचण्याचा तेवढाच एक मार्ग उरला होता.

छायाचित्रकाराने हार्डडिस्कवर जी फाईल दिली ती ९६ मिनिटांची. आजींच्या भाषेत सांगायचे तर बरोबर दोन सामायिकांची. आकार ७२ जीबी. पहिल्या दोन मिनिटांतच चित्र धक्के खाऊ लागले. घोडा एक पाऊल टाकी, थबके आणि एकदम चार पावले पुढे दिसे. आवाज मात्र अखंड होता. आज्ञेच्या प्रसंगी मुलाचा दाटलेला आवाज आजींना स्पष्ट ऐकू आला. पडद्यावर त्या वेळी मंडपाच्या झालरीचे गोठलेले चित्र होते. त्या काही बोलल्या नाहीत. “नंतर पाहू,” एवढे म्हणून त्यांनी माळ हाती घेतली.

त्यानंतर चार दिवस घरात सल्ल्यांचा सुकाळ झाला. एकाने रॅम वाढवा म्हटले, दुसऱ्याने डिस्क खराब असल्याचे निदान केले, तर भाग विकणाऱ्या दुकानदाराने कोणतीही तपासणी न करता ग्राफिक कार्डाचा भाव सांगितला. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. विकणे हाच त्याचा धर्म. नातूही खरेदीला निघण्याच्या बेतात होता. आजोबांनी त्याला थांबवले. आजोबांना संगणकातले फारसे कळत नाही, पण किर्द-खतावणी त्यांनी पन्नास वर्षे हाताने लिहिली आहे. “तेरीज जुळली नाही म्हणून कोणी नवी वही आणतो का?” असे विचारून त्यांनी एक दोनशे पानी वही पुढे केली. एका वेळी एकच बदल करायचा, त्याचा परिणाम लिहायचा, आणि उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घ्यायचा.

हाताने हिशेब लिहिणाऱ्या पिढीला एक युक्ती ठाऊक होती. तेरजेतल्या फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, ५४०० च्या जागी ४५०० पडले असावेत, असा संशय धरायचा. फरक सम संख्येत असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे का ते पाहायचे. फरक किती आहे यापेक्षा तो कशा प्रकारचा आहे, याकडे आधी लक्ष द्यायचे. अडणाऱ्या चित्राचेही तसेच असते. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबत असतील, तर माहिती डिस्कवरून वेळेवर पोहोचत नसल्याचा संशय घ्यावा. सुरुवातीला ठीक चालून दहा-पंधरा मिनिटांनी बिघडत असेल, तर उष्णता तपासावी. अगदी नियमित अंतराने बारीक धक्का बसत असेल, तर चित्रफितीची गती आणि पडद्याची गती जुळत नसावी. आणि आवाज सुरळीत असून चित्र तेवढे अनियमितपणे मागे पडत असेल, तर फाईल उलगडण्याचे काम प्रोसेसरला झेपत नाही, असे बहुधा निघते. चित्रफीत दाखवणारी प्रणाली सामान्यतः आवाजाला घड्याळ मानते. आवाजातली खंड कानाला लगेच खटकते, म्हणून आवाज चालू ठेवून ती मागे राहिलेली चित्रे सोडून देते.

वहीतली पहिली नोंद डिस्कची. १०० मेगाबिट प्रतिसेकंद म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट माहिती. साधी हार्डडिस्कही एवढी सहज पुरवते. तरीही फाईल एसएसडीवर उतरवून पाहिली. फरक नाही. दुसरी नोंद टास्क मॅनेजरची: ही फाईल चालू असताना प्रोसेसर १०० टक्के, आणि जुनी एच.२६४ पद्धतीची फुल एचडी प्रवचने चालू असताना जेमतेम १० टक्के. रॅम दोन्ही वेळा अर्धी रिकामी. या एका नोंदीने रॅमची खरेदी वाचली.

मग मीडियाइन्फो या मोफत प्रणालीत फाईल उघडली, आणि खरी ओळख तेथे पटली. एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ पद्धत, १० बिट रंग, ३८४० गुणिले २१६० ठिपके, सेकंदाला ५० चित्रे. एका चित्रात ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके. सेकंदाला ४१ कोटी ४७ लाखांहून अधिक. एवढी माहिती जशीच्या तशी साठवता येत नाही, ती आवळावी लागते. आवळण्याची रीत व्यापाऱ्याला चटकन समजेल अशी आहे. आरंभीची शिल्लक एकदा पूर्ण लिहायची आणि पुढे केवळ उलाढाल लिहीत जायचे, म्हणजे एक चित्र संपूर्ण आणि नंतरच्या चित्रांत बदललेला भागच. म्हणूनच उलगडताना एक नोंद वाचायला उशीर झाला, की तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या सगळ्या शिलका खोळंबतात.

या विद्येच्या मुळाशी असलेल्या गणितावर भारतीय नावे आहेत, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. बंगळूरात जन्मलेले नासिर अहमद, त्यांचे सहकारी टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी जानेवारी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ ही रीत प्रसिद्ध केली. मोबाईलवरील छायाचित्रांपासून एच.२६४ आणि एच.२६५ पर्यंत तिचाच वारसा चालत आला आहे. यांपैकी एच.२६४ चे मानक २००३ सालचे, एच.२६५ चे २०१३ चे. नवी पद्धत तेवढ्याच दर्जासाठी साधारण निम्मी जागा घेते, पण उलगडण्याचे कष्ट कितीतरी वाढवते. ते कष्ट वाचवण्यासाठी प्रोसेसरमध्येच खास उलगडणारी रचना बसवलेली असते. नातवाचा चौथ्या पिढीचा प्रोसेसरही बाजारात आला तो २०१३ सालीच; त्यातल्या रचनेला एच.२६४ चांगले येते, १० बिट एच.२६५ मुळीच येत नाही. इंटेलने या प्रकाराचा पूर्ण अंतर्भाव केला तो सातव्या पिढीपासून. बिघडले काहीच नव्हते. मोडी न शिकलेल्या मुनिमापुढे मोडीतली वही ठेवली होती, आणि तो बिचारा अक्षर लावत लावत वाचत होता.

मात्र एका फरकाच्या पोटात दुसरा फरक दडलेला असतो, हाही खतावणीचाच अनुभव. वहीत आणखी एक नोंद होती: दहा मिनिटांनंतर अडखळणे वाढते. वैशाखाचे दिवस, खाली धान्याचे दुकान, आणि भुसा वर माडीपर्यंत येणारा. प्रोसेसरचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तो जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवतो. कॅबिनेटच्या जाळीवर भुशाचा थर बसला होता. नातू फुंकणी यंत्र घेऊन सरसावला, तर आजींनी आतून पूंजणी पाठवली. जाळीत बारीक जीव असतील. आधी ते जयणेने बाजूला करावेत, मग काय ते यंत्र लावावे. नातवाने वायर काढून तसेच केले. पूंजणी अर्थात बाहेरच्या जाळीपुरतीच ठेवली, कारण लोकरीच्या घर्षणाने निर्माण होणारी स्थिर वीज मदरबोर्डला मानवत नाही. जाळीत दोन कोळी निघाले. ते गॅलरीत सोडल्यावर पंखा स्वच्छ झाला, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलला, आणि दहा मिनिटांनंतरची वाढती अडचण गेली. मूळची राहिली.

आता मार्ग दोन होते. नवे ग्राफिक कार्ड घ्यावे, किंवा फाईलच या प्रोसेसरला वाचता येईल अशा लिपीत उतरवून घ्यावी. बैठकीतला पडदा फुल एचडी, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपक्यांचा. मूळ चित्राचा चौथा हिस्साच त्यावर मावणार. त्यामुळे जे दिसणारच नाही त्यासाठी पैसे मोजण्यात हशील नव्हते. हँडब्रेक या मोफत प्रणालीत फुल एचडी, ८ बिट, एच.२६४ अशी निवड करून रात्री दहाला रूपांतर सुरू केले. एकूण २ लाख ८८ हजार चित्रे उलगडून पुन्हा आवळायची. काम संपायला पहाटेचे साडेचार वाजले. नवी प्रत सव्वासात जीबीची झाली. मूळ फाईल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवली आहे, एक घरी आणि एक जालन्याला काकांकडे. हे विसरू नये. रूपांतरात वगळलेली माहिती परत मिळत नाही, आणि उद्या घरात नवा पडदा आला तर मूळच उपयोगी पडेल.

सकाळी नातवाने पूर्ण ९६ मिनिटे बसून प्रत पाहिली. प्रोसेसर १५ टक्क्यांच्या वर गेला नाही. पण वरघोड्यात, कॅमेरा आडवा फिरत असताना, एक बारीक थरथर अजून होती, अगदी नियमित. आजोबांनी वहीतली खूण दाखवली: नियमित धक्का, गतीचा मेळ नाही. आपल्याकडील दूरदर्शनची परंपरा सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांची, तर संगणक पडद्याला ६० च्या गतीने चित्रे पाठवत होता. साठ जागा भरायला पन्नासच चित्रे, म्हणून दर सेकंदाला दहा चित्रे दोनदा दिसत होती. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ६० चे ५० हर्ट्झ केले. थरथर थांबली. एकूण खर्च लेपाच्या नळीचा.

पुढच्या वेळी कोणत्याही घरी मंगल कार्याचे चित्रीकरण असेल, तेव्हा छायाचित्रकाराला मूळ फाईलबरोबर फुल एचडी एच.२६४ प्रतही मागून घ्यावी. ठरवतानाच सांगितले तर ती तो बहुधा वेगळे पैसे न घेता देतो. नंतर मागितली की तेच काम होऊन बसते.

दुपारचे सामायिक आटोपून आजी बैठकीत आल्या. वरघोडा झाला, वेशपरिवर्तन झाले. आज्ञेचा प्रसंग आला तेव्हा मुलगा हात जोडून उभा होता आणि सून त्याच्या मागे. त्याचा आवाज दाटला, आणि त्याच क्षणी लेकीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. आजींनी हात वर केला. नातवाने चित्र थांबवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग चष्मा पुसून त्यांनी विचारले, “सुनेने ती हिरवी साडी नेसली होती का? मला वाटले होते, केशरी नेसेल.” आणि पुढे चालू करायला सांगितले.