लिस्बन : पाव, बटाटा आणि तुरुंग

युरोप म्हटले की आपल्याकडच्या सहली लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड असा फेरा करून परततात. पोर्तुगालची राजधानी लिस्बन त्या यादीत सहसा नसते. खरे तर बेळगाव, सावंतवाडी, गोवा या पट्ट्यातल्या माणसाला युरोपात सर्वांत ओळखीचे वाटावे असे शहर तेच. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत सौ. आणि मी तिथे पाच दिवस राहिलो. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे डोळ्यांइतकेच कानही उघडे होते.

पहिल्याच सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. समोरचे गिऱ्हाईक ‘पाँव’ मागत होते. आपला पाव तो हाच! बटाट्याला तिथे ‘बटाटा’च म्हणतात. घरमालकिणीने हाती ठेवलेली किल्ली म्हणजे ‘शाव’, आपली चावी. साबण, बादली, मेज, कोबी, अननस, काजू, लिलाव, पगार, हे सारे शब्द त्याच मुलखाशी नाते सांगणारे. ‘पगार’ म्हणजे त्यांच्या भाषेत पैसे चुकते करणे. हॉटेलात बिल मागताना तो शब्द कानी पडला आणि सौ.ने माझ्याकडे पाहिले. महिनाअखेर होती!

पण आमच्या घरात ‘पोर्तुगीज’ हा शब्द कधी प्रेमाने उच्चारला गेला नाही. माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पत्रादेवीच्या सीमेवर होते. निःशस्त्र माणसांवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. आजोबांच्या डोक्याला जखम घेऊन निभावले. शेजारचे काहीजण परत आले नाहीत. त्या व्रणावर हात फिरवत आजोबा सकाळी उसळ-पाव खात. त्या माणसाचा नातू हौसेने लिस्बन पाहायला निघाला, हे घरातल्या मोठ्यांना थोडे खटकलेच होते. बोलले कोणी नाही, एवढेच.

लिस्बन सात टेकड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. खाली तेजो नदीचे समुद्राएवढे रुंद पात्र, वर उतरत्या लाल कौलांची घरे, घरांच्या भिंतींना निळ्या-पांढऱ्या फरशा. कौले आणि छज्जे पाहून पणजीच्या फोंतेन्यासची आठवण येते. पायाखाली छोट्या चौकोनी दगडांची नक्षीदार फरसबंदी. दिसायला सुरेख, पण गुळगुळीत. चपलेचा तळ चांगला हवा. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांनी हे शहर जवळजवळ पुसून टाकले. मार्केस द पोंबाल या मंत्र्याने सरळ रस्त्यांची नवी पेठ उभी केली. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला, म्हणजे धरणी हलली तरी घर डोलेल, पडणार नाही. टेकडीवरच्या कार्मो मठाचे छप्पर मात्र पुन्हा घातले नाही. उघड्या कमानींतून आभाळ दिसते.

अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम चढ-उताराच्या गल्ल्यांतून कुरकुरत जाते. अल्फामा या जुन्या वस्तीत ती इतकी भिंतीलगत जाते की खिडकीतून हात बाहेर काढायची सोय नाही. गर्दी फार, खिसा सांभाळावा. शक्यतो सकाळी लवकर बसावे. याच ट्रामच्या वाटेवर, कॅथेड्रलजवळ, आल्जूब नावाची इमारत आहे. सालाझारच्या हुकूमशाहीत इथे राजकीय कैदी ठेवत. २०१५ पासून तिथे त्या छळाचे आणि प्रतिकाराचे संग्रहालय आहे. अरुंद कोठड्या पाहिल्यावर कळते, की ज्या राजवटीने गोवेकरांना कोंडले, तिने स्वतःच्या लोकांनाही सोडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बेलेंला गेलो. नदीकाठचा जेरोनिमूश मठ म्हणजे दगडातले भरतकाम. खांबांवर दोर, नांगर, वेली कोरलेल्या. सोळाव्या शतकात हे बांधकाम सुरू झाले, त्याला पैसा आला मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून. आपल्या किनाऱ्यावरची मिरीच तिथे दगड होऊन उभी आहे म्हणा ना! आत शिरताच एका बाजूला वास्को द गामाची आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोंइश याची समाधी. गामा वारला कोचीनमध्ये, १५२४ साली. नंतर अस्थी मायदेशी नेल्या. पर्यटक समाधीजवळ फोटो काढत होते. मला काही कॅमेरा वर करवेना. जवळच्या बेलें बुरुजावर मात्र एक दगडी गेंड्याचे डोके आहे, ते आवर्जून शोधावे. गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने १५१५ साली इथे पोचला होता. सगळा युरोप त्याच्याबद्दल बोलत होता. तिकडे त्याला ‘गांडा’ म्हणत, म्हणजे नावही आपल्याकडचेच गेले.

मठाशेजारी १८३७ पासून चालणारे मिठाईचे दुकान आहे. तिथला ‘पश्तेल’ म्हणजे खुसखुशीत पापुद्र्यांच्या वाटीत अंड्याच्या पिवळ्या बलकाची आणि दुधाची घट्ट खीर, वरून किंचित करपवलेली. गरम असतानाच दालचिनीची पूड भुरभुरून खायची. जुन्या मठांत अंड्याचा पांढरा भाग कपड्यांच्या खळीसाठी वापरत, उरलेल्या बलकातून अशा मिठाया जन्मल्या असे सांगतात. गोव्याच्या बेबिंकातही बलकच असतो, त्याचे कूळ इथे सापडते. सौ. मांसाहार करत नाही, अंडे चालते. तिने पाच दिवसांत किती पश्तेल खाल्ले, ते मी इथे लिहिणार नाही. सोबत छोट्या कपातली कडक कॉफी, तिला लिस्बनकर ‘बिका’ म्हणतात. दूध हवे असेल तर काचेच्या उंच ग्लासातला ‘गालांव’ मागावा.

या देशाचा जीव खारवलेल्या कॉड माशावर, म्हणजे ‘बाकल्याव’वर. दुकानात तो फळकुटासारखा कडक टांगलेला असतो. वास आपल्या सुक्या मासळीच्या बाजाराचा. गंमत म्हणजे हा मासा त्यांच्या किनाऱ्यावर मिळत नाही, उत्तरेच्या थंड समुद्रातून येतो. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा, मग शिजवायचा. किसासारख्या तळलेल्या बटाट्यात आणि अंड्यात परतलेला प्रकार मला फार आवडला. पालेभाजी बारीक चिरून घातलेले बटाट्याचे ‘काल्दू व्हेर्द’ हे सार थंडीच्या संध्याकाळी उत्तम. त्यातली चौरिसाची चकती नको असेल तर आधी सांगावे. जेवणाआधी टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी येते. खाल्ले तर त्याचे पैसे पडतात, नको असेल तर परत पाठवावे. आणि बेकरीत ‘शमूसा’ दिसला तर दचकू नये. तो आपला समोसाच, गोव्याच्या आणि मोझांबिकच्या लोकांबरोबर तिथे जाऊन स्थायिक झालेला.

रोसिऊ चौकाजवळ हातभर रुंदीच्या गाळ्यांत ‘जिंजा’ मिळते. आंबट चेरीचे गोड मद्य, इवल्या पेल्यात. फळासकट की फळाविना, एवढेच विचारतात. आम्ही बसलो ती खानावळ मात्र अल्फामात होती. मालक साठीचा. आम्ही गोव्याजवळचे, हे कळताच त्याने हातातले फडके खाली ठेवले. त्याचे वडील १९६१ साली गोव्यात शिपाई होते. शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरण येऊ नका, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्वा यांनी तो मानला नाही, १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. हजारो जीव वाचले. सिल्वांना पुढे सैन्यातून काढून टाकले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांना मान परत मिळाला. खानावळवाल्याचे वडील काही महिने भारतीय छावणीत कैदी होते. ‘घरी परत आले तेव्हा स्वागत नव्हते. जन्मभर भित्रा ही पदवी मिळाली,’ तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

मी आजोबांविषयी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग तीन पेले भरून आणले. ‘दोघेही घरी परतले, ते महत्त्वाचे,’ म्हणाला. मी पेला उचलला. पण पत्रादेवीहून जे परतले नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न घशाशी आला होता. तो मी विचारला. त्याने मान हलवली आणि म्हणाला, ‘त्याला माझ्याकडे उत्तर नाही.’ मला हे प्रामाणिक वाटले. बाहेर कोणीतरी फादू गात होते. शब्द कळत नव्हते, पण गिऱ्हाइकांनी बोलणे थांबवले होते. आम्हीही ऐकत राहिलो.

शेवटच्या दिवशी काइश दु सोद्रे स्थानकावरून कश्काइशच्या समुद्रकिनाऱ्याला जाणारी लोकल घेतली. नदीकाठाने, मग समुद्राकाठाने जाणारा हा प्रवास लिस्बनमधल्या स्वस्त सुखांपैकी एक. वाटेत ‘कशियाश’ स्थानक लागते. इथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा हा तरुण गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलात लढला, १९५५ मध्ये पकडला गेला. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. गोवा १९६१ ला मुक्त झाला, रानडे मात्र १९६९ पर्यंत इथेच होते. सुटकेसाठी सुधीर फडके यांनी महाराष्ट्रात केलेली धडपड जुन्या वाचकांना आठवत असेल. रानड्यांचे ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन आमच्या कपाटात आहे, आजोबांच्या सहीसह.

गाडी तिथे मिनिटभर थांबली. शाळकरी मुले चढली, दंगा करत बसली. तुरुंग हा शब्दही पोर्तुगीज ‘त्रोंकू’वरून आला असे अभ्यासक मानतात. त्रोंकू म्हणजे लाकडाचा ओंडका, ज्यात कैद्याचे पाय अडकवत. पाव आणि तुरुंग एकाच जहाजातून आले. लिस्बनला जरूर जावे, पोटभर खावे, टेकडीवर बसून सूर्यास्त पाहावा. फक्त बेलेंच्या मिठाईसाठी एक दिवस ठेवाल, तर आल्जूबसाठी निदान दोन तास ठेवा.