गडी फिरला की

२७ नोव्हेंबर, सांगली
जानेवारीत स्नेहसंमेलन. शाळेला माझ्या बँडकडून यंदा ‘आपल्या मातीतलं’ हवंय. गेल्या वर्षी हीच मंडळी सिनेमातलं मागत होती. धनगरांचा गजी ढोल बसवावा म्हणतो. दोन ट्रंपेट, चार क्लॅरिनेट, सहा साइड ड्रम. सनई नाही.

२८ नोव्हेंबर
पुण्याच्या भाच्यानं चिनी वाद्यवृंदाची एक रचना पाठवली. ली हुआन्झी, १९५५-५६. ‘वसंतोत्सवाची नांदी’. जेमतेम पाच मिनिटं, तीनदा ऐकली. येनानच्या मुलखातला यांगको नाच, खेड्यातल्या सुओनाच्या चाली. सुओना म्हणजे आपल्या सनईची लांबची बहीण. मधेच लय उतरते, ओबो एकटा उरतो. तिथं चहा गार झाला.

३० नोव्हेंबर
यांगकोवालेही नाचताना लाल रेशीम उडवतात. गजीत रुमाल.

२ डिसेंबर, म्हसवड
सिद्धनाथाचा रथ. वही गुलालानं माखली, खिशात खोबरं. रात्री मामांकडे. ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते. उजवं मनगट सुजलेलं. विचारलं, तर “काय न्हाई.”
ते वाजवत होते, मी मात्रा मोजत होतो. सोळा. पुन्हा सोळा. मग वीस. माझंच चुकलं असं वाटून परत मोजल्या. मामा हसायला लागले. “आरं, गडी फिरला की ढोल फिरतो. तुझ्या वहीत गडी कुठं हाय?”

५ डिसेंबर
चिनी वसंतोत्सव युनेस्कोच्या यादीत आला. मामांच्या गजी मंडळाला गेल्या जत्रेत बिदागीपेक्षा टेम्पोचं भाडं जास्त पडलं होतं.

११ डिसेंबर
सोळा मात्रांत बसवलं. चोख झालं. कवायतीसारखं.

१२ डिसेंबर
कागद फाडले.

१९ डिसेंबर
नववीत जतकडचा एक पोरगा आहे. बँडमध्ये नाही. “गजी खेळतोस?” मान खाली घालून, “व्हय, सर.” हातात रुमाल देऊन बँडपुढं उभा केला. बाकीच्यांना सांगितलं, माझ्या हाताकडं बघू नका, त्याच्या पायांकडं बघा. ट्रंपेटवाले रुसले. त्यांना मोजायची सवय. मलाही.

३ जानेवारी
मामांचा फोन लागत नाही.

५ जानेवारी
मामींनी उचलला. सूज उतरली नाही. ढोल माळ्यावर टाकलाय.

१७ जानेवारी
झालं एकदाचं. गर्दी बघून पोरगा थबकला. फिरेचना. क्लॅरिनेटवाल्यांनी सूर धरून ठेवला. गाल फुगले, तोंडं लाल. कुणी शिकवलं नव्हतं. मग तो असा गरकन फिरला की ड्रम आपसूक उठले. पालकांना वाटलं, बसवलंच तसं होतं.

२९ जानेवारी
चीनमध्ये आज नवं वर्ष, सापाचं. संध्याकाळी मामांना फोनवर संमेलनातलं ध्वनिमुद्रण ऐकवलं. शेवटपर्यंत गप्प.
“गडी किती हुते?”
“एक.”
“एका गड्यावर कसली गजी!” थोडं थांबून म्हणाले, “त्या पोराला चैतात खरसुंडीच्या जत्रंला घिऊन ये.”