भेस्तानपलीकडचं गौचर

सुरतेतल्या उधन्याच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला कुरणाची कसली आठवण, असं वाटेल तुला. पण भेस्तानच्या पलीकडे रुळांच्या कडेनं एक गौचर, म्हणजे गावाचं सामाईक कुरण होतं, आणि अमळनेरहून आलेली माझी आजी शेणाची पाटी घेऊन तिकडे निघाली, की मी तिच्या पदराला धरून मागेमागे जायचो. पावसाळा सरता सरता तिथं गुडघाभर गवत उभं राही, आणि त्यात गुरं राखणाऱ्या भरवाडांच्या गाई, मेंढ्या, कुणाच्या दोन-तीन म्हशी, शेतमजूर हळपतींच्या वाडीतल्या शेळ्या, सगळ्या एकत्रच सुटत.

गाय उंच गवताला जिभेचा वेढा घालून ते ओढी, तेव्हा होणारा चर्र आवाज काय सांगू तुला! तिच्यामागून मेंढ्या उरलेलं खुरटं गवत पार मातीपर्यंत कुरतडत जात, शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून बाभळीचा पाला ओरबाडत, आणि म्हशी पाण्याकाठचं जाडंभरडं खाऊन डबक्यात शिरत. कुणाच्या घासात कुणाचं तोंड नसे. आजीला याचं भारी कौतुक; भरल्या घरची पंगत बघावी तशी ती कमरेवर हात ठेवून बघत राही. ओल्या म्हशीचा, बोकडाचा उग्र आणि खुरांखाली तुडवलेल्या गवताचा गोडसर वास एकमेकांत मिसळून आमच्या कपड्यांना चिकटे, आणि दिवेलागणीला घरी परतल्यावरही आईच्या फोडणीच्या वासावर मात करी.

गुजरातेत १०० गुरांमागे ४० एकर गौचर असावं, असा सरकारी हिशेब आहे. पण शहर पसरत गेलं; २००६ साली सुरतेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेली. आमच्या कुरणावर मात्र त्याच्या आधीच कारखान्यांचे पत्रे चढले होते.

जनावरं अजून आहेत रे. म्हशी तबेल्यात, गाई पांजरापोळात नाहीतर रस्त्यावर, शेळ्या गल्लीत दाव्याला. एकमेकींच्या संगतीनं चरणं तेवढं कायमचं सरलं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, लोक पुण्य म्हणून गवताच्या पेंढ्या विकत घेऊन गाईपुढे टाकतात, मीही टाकतो, आणि दाव्याची शेळी मान ताणून बघत असते म्हणून मूठभर तिच्यापुढेही ठेवतो. ती हुंगते, थोडं खाते. तिला खरा पाला लागतो, हे आजीनं मला तिथंच शिकवलं होतं.